चांदणी चौकातील पूल: धावत्या महामार्गावर जुना पाडून नवा बांधताना

पुण्याच्या पश्चिमेला मुंबई–बेंगळुरू महामार्गावर असलेला चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडण्यात आला आणि त्याच्या जागी बांधलेला रुंद पूल १२ ऑगस्ट २०२३ रोजी वाहतुकीला खुला झाला. या दोन तारखांच्या दरम्यान, आणि खरे म्हणजे त्याआधी पाच वर्षे, खालचा महामार्ग चालू ठेवून वरचे बांधकाम बदलण्याचा जो खटाटोप झाला, त्याचा हा अभ्यास आहे. जागा इतकी परिचित आहे की तिचे नाव लपवण्यात अर्थ नाही. व्यक्तींची आणि कंपन्यांची नावे मात्र येथे घेतलेली नाहीत, कारण मुद्दा कोणी काय केले हा नसून कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय घेणे शक्य होते, हा आहे.

पार्श्वभूमी

चांदणी चौक हा नावाला चौक असला तरी एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन रस्ते एवढेच त्याचे स्वरूप कधीच नव्हते. कोथरूडकडून चढत येणारा पौड रस्ता, मुळशीकडे जाणारा रस्ता, बावधन आणि पाषाणकडचे रस्ते, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनडीएकडे जाणारा रस्ता आणि या सर्वांच्या मधून डोंगर कापून काढलेला महामार्ग, असे सारे येथे एकत्र येते. मुंबईकडून द्रुतगती मार्गाने आलेली आणि सातारा, कोल्हापूर, बेंगळुरूकडे निघालेली अवजड वाहने पुणे शहरात न शिरता याच बाह्यवळणाने जातात. हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला जाणारे कोथरूड, वारजे आणि सिंहगड रस्ता भागातील लोकही हाच रस्ता धरतात. दूर पल्ल्याची वाहतूक आणि शहराची रोजची ये-जा एकाच डांबरावर आली की कोणतेही बाह्यवळण फार काळ बाह्यवळण राहत नाही. चांदणी चौकाचे तसेच झाले.

एनडीए आणि पाषाण या दोन बाजूंना जोडणारा जुना पूल या कापलेल्या खिंडीवर जवळपास तीन दशके उभा होता. तो बांधला तेव्हा आजूबाजूला वस्ती विरळ होती आणि महामार्गही अरुंद होता, त्यामुळे त्या काळाच्या हिशेबाने पूल पुरेसा होता. पुढे महामार्ग दोन्ही बाजूंनी रुंद होत आला, पण पुलाचे आधार आणि त्यांना लागून असलेला कातळ जागच्या जागी राहिला. रुंद रस्त्यावरून आलेली वाहने पुलाखाली पोहोचताच अरुंद मार्गिकांत कोंबली जाऊ लागली. वरच्या बाजूला शहरातील वाहने त्याच पुलावर रांगा लावून उभी राहत. कोंडी अशी दोन मजली होती.

या चौकाच्या पुनर्रचनेच्या कामाचे भूमिपूजन २७ ऑगस्ट २०१७ रोजी झाले. प्रकल्पात महामार्गाचे रुंदीकरण, सेवारस्ते, वेगवेगळ्या दिशांना जोडणारे रॅम्प आणि जुन्या पुलाच्या जागी नवा पूल यांचा समावेश होता. रॅम्प आणि सेवारस्ते धरून रस्त्यांची लांबी सुमारे १७ किलोमीटर भरली, आणि उद्घाटनाच्या वेळी भूसंपादनासह एकूण खर्च सुमारे ८६५ कोटी रुपये सांगण्यात आला.

अडचण

वरवर पाहता अडचण एवढीच होती की पूल अरुंद आहे, तो पाडून रुंद बांधावा. प्रत्यक्षात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. पूल पाडल्याशिवाय खालचा महामार्ग रुंद करता येत नव्हता. पुलावरून जाणाऱ्या वाहनांना दुसरी वाट उपलब्ध झाल्याशिवाय पूल पाडता येत नव्हता. आणि ती दुसरी वाट, म्हणजे रॅम्प आणि सेवारस्ते, ज्या जमिनीतून जायची होती ती ताब्यात आल्याशिवाय बांधता येत नव्हती. जमीन मिळवून देण्याची जबाबदारी महापालिकेची होती आणि त्या कामाला अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक काळ लागला. मोबदला, शिल्लक राहणारे तुकडे आणि जागामालकांशी वाटाघाटी यांत वर्षे गेली.

बांधकामाच्या क्षेत्रातील माणसे अशा अवस्थेला ‘काम लटकले’ एवढेच म्हणतात, पण धावत्या महामार्गावर लटकलेले काम रिकाम्या प्लॉटवर लटकलेल्या कामासारखे नसते. येथे प्रत्येक दिवशी हजारो वाहने अर्धवट खोदलेल्या कडेवरून, तात्पुरत्या वळणांवरून आणि पत्र्यांच्या कुंपणाला घासून जात असतात. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस साताऱ्याकडे निघालेल्या मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा याच ठिकाणी कोंडीत सापडला आणि स्थानिक लोकांनी तेथेच आपली तक्रार त्यांच्यापुढे मांडली. त्यानंतर जी हालचाल काही आठवड्यांत झाली ती आधीच्या पाच वर्षांत का झाली नाही, असा प्रश्न पुणेकरांनी विचारला. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर अर्धेच राजकीय आहे. उरलेले अर्धे असे की तोपर्यंत कामाचे बरेच तुकडे पुढे सरकले होते आणि पूल पाडणे हा पुढचा अडसर म्हणून उघडा पडला होता.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय जुना पूल तसाच ठेवून शेजारी दुसरा बांधण्याचा. महामार्गांवर तो अनेकदा वापरला जातो, कारण त्यात वरची वाहतूक एक दिवसही थांबवावी लागत नाही. येथे तो उपयोगी नव्हता. अडचण केवळ पुलाच्या माथ्यावरील रुंदीची असती तर शेजारचा पूल पुरला असता, पण खरा अडथळा पुलाचे पाय होते. ते जागेवर राहिले असते तर खालचा रस्ता कायमचा आवळलेला राहिला असता.

दुसरा पर्याय पूल यंत्रांनी थोडा थोडा तोडण्याचा. ब्रेकर लावलेली पोकलेन रात्री काही तास चालवायची, पडलेला राडारोडा उचलायचा आणि पहाटे रस्ता मोकळा करायचा. कागदावर हा पर्याय सौम्य वाटतो, कारण एका वेळी वाहतूक फार वेळ बंद राहत नाही. त्याची मेख दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येते. अर्धा तोडलेला पूल, ज्याचा भार कोणत्या सळईवर आणि कोणत्या आधारावर आहे हे खात्रीने सांगता येत नाही, तो डोक्यावर लटकत असताना खालून प्रवाशांच्या बसगाड्या सोडायच्या. खाली टेकू द्यावे तर तेच टेकू मार्गिका अडवतात.

तिसरा पर्याय हिऱ्याच्या दातांच्या तारेने पुलाचे मोठे तुकडे कापून ते क्रेनने उचलण्याचा. यात धूळ आणि हादरे कमी, आणि राडारोडाही जवळपास नाही. परंतु मोठ्या वजनाचे तुकडे उचलणाऱ्या क्रेनला पक्की आणि ऐसपैस जागा लागते. खिंडीत ती जागा म्हणजे महामार्गच. शिवाय कापण्याचा वेग पाहता एका रात्रीत हे आटोपणे अवघड होते.

चौथा पर्याय नियंत्रित स्फोटाचा. महाराष्ट्राला तो नवा नव्हता. एप्रिल २०२० मध्ये खंडाळ्याच्या घाटात मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल स्फोटकांनी पाडण्यात आला होता. मात्र तेव्हा टाळेबंदी होती आणि रस्ता जवळपास ओस पडला होता. चांदणी चौकाला अशी उसंत मिळणार नव्हती. दुसरे उदाहरण अगदी ताजे होते. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातील दोन उंच इमारती स्फोटकांनी पाडण्यात आल्या होत्या आणि ज्या कंपनीने ते काम केले तिच्याकडेच हा पूल पाडण्याचे काम आले. या योगायोगाने लोकांच्या मनात एक चित्र पक्के बसले: बटण दाबले की काही सेकंदांत सारे भुईसपाट. पुढे जी निराशा व्यक्त झाली तिचे मूळ बऱ्याच अंशी या चित्रात होते.

निर्णयाचा खरा निकष

या चारही पर्यायांची तुलना करताना ‘रस्ता किती तास बंद राहील’ हा निकष सर्वांच्या तोंडी होता. माझ्या मते तो दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा विचारायला हवा की काम मधेच थांबले तर ते अर्धवट अवस्थेत सुरक्षित राहते का. राहत असेल तर काम छोट्या छोट्या रात्रींत वाटता येते. राहत नसेल तर एकच मोठा बंद घेऊन ते तडीस न्यावे लागते, मग तो बंद कितीही नकोसा वाटो.

याच प्रकल्पात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे पाहायला मिळतात. पूल पाडणे मधेच थांबवण्याजोगे नव्हते, म्हणून त्यासाठी एक सलग रात्र घेतली गेली. नव्या पुलाचे गर्डर, म्हणजे पुलाचा माथा पेलणाऱ्या लांब तुळया, बसवताना मात्र जुलै २०२३ मध्ये मध्यरात्रीनंतरचे मोजके तास वाहतूक थांबवून काम अनेक रात्रींत विभागले गेले, कारण एक गर्डर आधारावर नीट बसवून शेजारच्याशी बांधला की तो तेथे निर्धास्त राहतो आणि पहाटे खालून वाहने सोडता येतात. महामार्ग एकच, खिंड एकच, पण पद्धती दोन. या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय कोणता असे विचारले तर मी या विभागणीकडे बोट दाखवीन, स्फोटाकडे नव्हे.

प्रत्यक्ष कृती

प्रथम सप्टेंबरच्या मध्याची चर्चा होती, पण तारीख पुढे गेली. पुलाच्या अंगाने गेलेल्या सेवावाहिन्या हलवणे हे त्यामागचे एक कारण होते. पूल म्हणजे केवळ रस्ता नसतो. शहरातील प्रत्येक खाते त्याच्या पोटाखालून किंवा कडेने आपली नळी नाहीतर तार ओढून नेते, आणि पाडण्याची वेळ आली की या प्रत्येक खात्याशी वेगळे बोलावे लागते.

शेवटी शनिवार १ ऑक्टोबरची रात्र ठरली. दुसरा दिवस रविवार, शिवाय गांधी जयंती, म्हणजे नोकरदारांची सकाळची धावपळ नव्हती. पुलाच्या अंगात १,३०० हून अधिक छिद्रे पाडून सुमारे ६०० किलो स्फोटके भरण्यात आली. उडणारे तुकडे अडवण्यासाठी पूल जाळ्यांनी आणि कापडाने गुंडाळण्यात आला, आणि भोवतालचा सुमारे २०० मीटरचा परिसर मोकळा करण्यात आला. रात्री ११ पासून सकाळी ८ पर्यंत महामार्ग बंद ठेवण्याचे जाहीर झाले. अवजड वाहने मुंबईकडून येणारी उर्से टोलनाक्याजवळ आणि साताऱ्याकडून येणारी खेड-शिवापूर टोलनाक्याजवळ थांबवण्याचे आणि हलकी वाहने शहराच्या आतील रस्त्यांनी वळवण्याचे नियोजन होते.

ट्रक टोलनाक्याशी थांबवण्यामागचा विचार नीट समजून घेण्यासारखा आहे. अवजड वाहने पुढे येऊ दिली असती तर ती वारजे किंवा बावधनच्या उतारावर रांगेत अडकली असती, आणि मग रुग्णवाहिका किंवा राडारोडा वाहणारे डंपर जायलाही वाट उरली नसती. लांब अंतरावर, जेथे रस्ता रुंद आहे आणि चालकाला चहा मिळू शकतो, तेथे त्यांना थोपवले की कामाच्या जागेभोवतीचा रस्ता मोकळा राहतो. रस्ता बंद करायचा तर तो कामाच्या जागेच्या खूप आधीच बंद करावा, हे वाहतूक पोलिसांचे जुने शहाणपण येथे कामी आले.

स्फोट रात्री १ च्या सुमारास झाला. धूळ खाली बसल्यावर जे दिसले ते जमलेल्यांच्या अपेक्षेप्रमाणे नव्हते. काँक्रीट फुटले होते, पण पुलाचा सांगाडा पूर्ण कोसळला नव्हता. अंदाजापेक्षा अधिक लोखंड निघाल्याचे काम करणाऱ्यांकडून सांगण्यात आले.

यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. छिद्रांत भरलेले स्फोटक काँक्रीटला आतून ताण देते आणि काँक्रीट ताणाला कच्चे असल्यामुळे फुटते. सळया मात्र ताण सोसण्यासाठीच घातलेल्या असतात. त्या वाकतात आणि उघड्या पडतात, पण सहसा तुटत नाहीत. उंच इमारतीत खालचे खांब फोडले की वरच्या मजल्यांचे वजन उरलेले काम करते. बुटक्या पुलाच्या डोक्यावर असे वजन नसते. त्यामुळे सळयांचे जाळे घट्ट असले की तुटलेले काँक्रीट त्या जाळ्यात अडकून राहते, जसा गोणपाटात चुना. नोएडाचे चित्र मनात ठेवून आलेल्यांना हा फरक कोणी आधी समजावून सांगितला नव्हता.

मग यंत्रे पुढे सरकली. पोकलेन, ब्रेकर आणि डंपर आधीपासून दोन्ही बाजूंना सज्ज ठेवलेले होते, आणि हीच त्या रात्रीची वाचवणारी गोष्ट ठरली. दोन्ही अंगांना कातळ असल्यामुळे यंत्रांना मुंबईच्या आणि साताऱ्याच्या अशा दोनच दिशांनी भिडता येत होते. उरलेला भाग तोडून, लोखंड बाजूला काढून, राडारोडा उचलून रस्ता साफ होईपर्यंत सकाळचे दहा वाजून गेले. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तासांहून अधिक उशीर झाला.

परिणाम

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ‘पूल पडलाच नाही’ असा सूर उमटला आणि समाजमाध्यमांवर पुणेरी विनोदांना ऊत आला. पूल बांधणाऱ्याचा सत्कार करा, अशी मागणीही झाली. ती गमतीची असली तरी तिच्यात तथ्य आहे. कामाच्या दृष्टीने पाहिले तर एका रात्रीत राष्ट्रीय महामार्गावरचा पूल जीवितहानीविना दूर झाला आणि वाहतूक त्याच सकाळी पूर्ववत झाली. दोन तासांची चूक लहान नाही, पण रविवार असल्यामुळे ती पचली. तीच सोमवारी झाली असती तर हिंजवडीपर्यंत रांगा गेल्या असत्या. वार निवडताना नियोजनकर्त्यांनी जाणूनबुजून ही गादी ठेवली असेल तर त्यांचे कौतुक करायला हवे.

त्यानंतर बाजूचा कातळ फोडण्याचे काम आले. त्यासाठी रात्री थोडा थोडा वेळ वाहतूक थांबवली जाई. कातळ हटल्यावर पुलाखालच्या मार्गिका वाढल्या आणि खालची कोंडी नवा पूल होण्यापूर्वीच सैल होऊ लागली. वरच्या वाहतुकीला मात्र सुमारे दहा महिने वळसे घालावे लागले. नवा पूल खुला झाल्यावर वाहनांसाठी प्रश्न बराच सुटला, तरी सुरुवातीच्या काळात दिशादर्शक फलकांवरून गोंधळ झाला. इतके रॅम्प एकमेकांना बिलगून निघतात की एक फाटा चुकला तर मोठा फेरा पडतो, आणि मुळशीला निघालेला माणूस साताऱ्याच्या रस्त्याला लागतो.

पायी चालणाऱ्यांची गोष्ट निराळी झाली. चांदणी चौक हा मुंबई आणि सातारा या दोन्ही बाजूंच्या एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्या पकडण्याचा थांबा आहे. लोक बॅगा घेऊन येथे पहाटे आणि रात्री उभे असतात. रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला, आणि पलीकडे जायची वाट मात्र लांबली किंवा नाहीशी झाली. उद्घाटनानंतर लगेचच पादचारी पुलाची मागणी पुढे आली, आणि तोवर लोक जीव मुठीत धरून महामार्ग ओलांडत राहिले.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट लोखंडाच्या अंदाजाची. तीन दशकांपूर्वीच्या पुलाची मूळ रेखाचित्रे हाती असली तरी बांधकाम त्यांच्याबरहुकूम झालेच असेल असे नाही. काही जागी वरचे काँक्रीट खरवडून सळया उघड्या करून मोजणे, त्यांची जाडी आणि अंतर नोंदवणे आणि त्यानुसार स्फोटकांची मांडणी व सळया कापणाऱ्या पथकांची संख्या ठरवणे, हे पाडण्याच्या कित्येक आठवडे आधी करता येते. असे काम येथे झाले असले तरी त्यातून हाती आलेला अंदाज कमी पडला, हे उघड आहे. पुढच्या अशा कामात गॅसकटर घेतलेली अधिक माणसे पहिल्या तासापासून तयार ठेवणे हा स्वस्त विमा ठरेल.

दुसरी गोष्ट वेळेच्या विभागणीची. नऊ तासांपैकी जवळपास दोन तास रस्ता रिकामा करण्यात, शेवटच्या तपासणीत आणि प्रत्यक्ष स्फोटापर्यंत पोहोचण्यात गेले. उरलेले सात तास राडारोड्यासाठी होते. लोकांना मात्र एकच वेळ सांगितली गेली: सकाळी आठ. ‘सारे सुरळीत झाले तर आठ, नाहीतर अकरा’ असे दोन आकडे जाहीर केले असते आणि टोलनाक्यावर थांबलेल्या चालकांना दर तासाला खबर दिली असती, तर उशीर तेवढाच झाला असता, पण फसवल्याची भावना उरली नसती. आपल्याकडे यंत्रणांना दुसरा आकडा सांगणे म्हणजे आधीच हार मानणे वाटते.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महाग पडलेली गोष्ट कामाच्या क्रमाची. भूमिपूजन २०१७ मध्ये झाले तेव्हा आवश्यक जमिनीचा मोठा भाग ताब्यात नव्हता. खिंडीतील कोणत्या रॅम्पशिवाय पूल पाडता येणार नाही हे रेखाचित्रावरून त्याच दिवशी दिसत होते. म्हणून आधी केवळ त्या रॅम्पपुरती जमीन घ्यायची, तो वापरात आणायचा, मग पूल पाडायचा आणि मगच बाकीच्या कामाला हात घालायचा, असा क्रम शक्य होता. सर्वत्र थोडे थोडे खोदून ठेवल्यामुळे काम सुरू असल्याचे दिसते. धावत्या रस्त्यावर त्याची किंमत रोज जाणारे मोजतात.

पादचाऱ्यांचा मुद्दा याच क्रमाशी जोडलेला आहे. वाहतूक चालू ठेवणे याचा अर्थ नियोजनाच्या प्रत्येक टप्प्यावर वाहने चालू ठेवणे एवढाच घेतला गेला. पूल बंद झाल्यावर वाहनांना वळसा दाखवणारा नकाशा निघाला, तसा पायी जाणाऱ्याने कोठून ओलांडावे हे दाखवणारा नकाशाही निघायला हवा होता. गर्डर बसवण्यासाठी रस्ता रात्री बंद होतच होता आणि क्रेन तेथे उभी होती. पादचारी पुलाचा लोखंडी सांगाडा आराखड्यात आधीपासून असता तर तो त्याच काळात, एखाद दुसऱ्या रात्रीच्या जादा कामात बसवता आला असता. तो नंतर बसवायचा म्हणजे रुंद झालेला आणि वेगाने वाहणारा तोच महामार्ग पुन्हा रात्री थांबवणे आले.